धंदा वाढतोय? मग वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती वेळात पोचते ते आधी बघा

मागे एका जुलैमध्ये आमच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात ३,२०० खोके परत आले. पाच प्लायचे म्हणजे पाच थरांचे, नमकीनच्या पार्टीचे म्हणजे गिऱ्हाइकाचे, आणि सगळ्यांचं दुखणं एकच, वरचा कागद हाताने ओढला की सालीसारखा सुटून येत होता. गम, म्हणजे थर चिकटवायचा गोंद, पातळ झाला होता. पावसाळ्यात कागद आधीच ओल धरतो, त्यात गम पातळ, मग खोका टिकणार कसा. नुकसान झालं ते झालं, पण मला लागलं ते वेगळंच. गम पातळ आहे हे मशीनवरच्या मुलाला पहिल्या दिवशी सकाळीच कळलं होतं, बोटांवर घेऊन बघितला की कळतंच ते, त्याने सुपरवायझरला सांगितलं, सुपरवायझर म्हणाला "चलने दे, आज गाडी भरनी है", आणि मग दोन दिवस चार माणसांना माहीत असलेली गोष्ट मला शेवटी पार्टीच्या फोनवरून कळली.

आम्ही सात जण होतो तेव्हा असं झालं नसतं. तेव्हा इंदूरच्या सांवेर रोडवरच्या त्या भाड्याच्या शेडमध्ये माझं टेबल आणि मशीन यांच्यात भिंतच नव्हती, कोणाचा चेहरा उतरला तरी मला दिसायचा. आम्ही चाळीसच्या वर गेलो, ऑफिसला काचेचं पार्टिशन आलं, सुपरवायझर आला, आणि मी मनात धरून चालले की जे आधी आपोआप व्हायचं ते पुढेही होईल. ते होत नाही. हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं फार वाटतं, म्हणून लिहितेय, खास करून त्यांच्यासाठी ज्यांच्याकडे आज ५-१० माणसं आहेत आणि वर्षा-दोन वर्षांत ३०-४० होतील असं दिसतंय.

कंपनी कल्चर म्हटलं की लोक दिवाळीचा मिठाईचा डबा, वाढदिवसाचा केक, भिंतीवरची वाक्यं असं काहीतरी धरतात. मी एकाच गोष्टीवर मोजते. काही बिघडलं तर ते मालकाला किती तासांत कळतं, आणि ज्याने सांगितलं त्याचं पुढे काय होतं. खालचं सगळं त्यासाठीच आहे.

१. आज काय चाललंय ते आधी लिहून काढा

नवीन माणसं घ्यायच्या आधी एक संध्याकाळ वही घेऊन बसा. तुमच्याकडे सुट्टी कशी मागतात? फोन करून, की दुसऱ्या दिवशी येऊन सांगतात? उचल कोणाला मिळते, किती, आणि कोणाला मिळत नाही? माल चुकला तर पहिलं वाक्य तुमच्या तोंडून काय निघतं? हे शेवटचं खरं खरं लिहा. मी लिहिलं तेव्हा माझं वाक्य होतं "किसने किया?" आणि ते कागदावर बघितल्यावर मला कळलं की लोक का सांगत नाहीत. आता मी ठरवून "कब पता चला?" असं विचारते. दिसायला दोन-तीन शब्दांचा फरक आहे, पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला माणूस घाबरतो आणि दुसऱ्याचं देऊ शकतो.

मग त्यातून तीन-चार नियम काढा, जास्त नको, आणि ते हाताने करायच्या गोष्टी असल्या पाहिजेत. "ईमानदारी", "टीमवर्क" असं लिहून काही होत नाही, कारण त्यावर सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं हे कोणालाच कळत नाही. आमच्याकडे पहिला नियम आहे की माल चुकतोय असं वाटलं तर आधी मशीन बंद, मग फोन, आणि मशीन बंद केल्याबद्दल कोणाला बोलणी बसणार नाहीत, जरी नंतर कळलं की माल ठीकच होता. हे हिंदीत लिहून मशीनजवळ लावलंय, कारण आमच्याकडे निम्म्याहून जास्त लोक मालवी-निमाडी बोलणारे, मराठीत लावून मला एकटीलाच वाचता आलं असतं.

२. गणित समजून घ्या

सहा माणसं असली की आपापसातल्या जोड्या होतात १५. बारा झाली की ६६. चाळीस झाली की ७८०. माणसं दुपटीने वाढली की जोड्या चौपटीहून जास्त वाढतात, म्हणजे गैरसमज व्हायच्या जागाही तेवढ्याच वाढतात. म्हणून "पहिले कसं सगळं छान चालायचं, आता लोकच बदलले" असं वाटायला लागलं ना, तर थांबा, लोक बहुतेक तेच असतात, रस्ते वाढलेले असतात. मला पहिला झटका बारा-तेराव्या माणसाला बसला, दुसरा तीसच्या आसपास.

३. माणूस घेताना

काम येतं का ते दोन दिवस मशीनवर उभं करून कळतं, त्या दोन दिवसांचे पैसे द्यायचे, फुकट काम करून घ्यायचं नाही. पण त्याहून जास्त महत्त्वाचा मला एक प्रश्न वाटतो, की मागच्या जागी तुमच्या हातून काय बिघडलं होतं आणि तुम्ही ते कोणाला सांगितलं. ज्याच्या हातून कधीच काही बिघडलं नाही त्याच्यापासून मी जरा सावध राहते. एका मुलाने मला सांगितलं होतं की त्याने क्रीजिंगचं, म्हणजे घडीच्या रेषेचं, माप अर्धा इंच चुकवून दोनशे शीट कापल्या होत्या आणि मग स्वतः जाऊन शेठला सांगितलं, आणि सांगताना त्याचे कान लाल झाले होते. तो आज आमचा सगळ्यात भरवशाचा माणूस आहे.

एकाच गावचे, एकाच घरचे फार लोक घेऊ नका. सोपं पडतं हे खरं, एकाला फोन केला की चार येतात, पण मग एक नाराज झाला की चार जातात, आणि त्या चौघांतली गोष्ट पाचव्याला कधी कळत नाही.

आणि सुट्ट्यांचं कॅलेंडर पहिल्या दिवशीच दाखवा. झाबुआ-अलीराजपूरकडची मुलं होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरियाच्या आदिवासी जत्रेला घरी जाणार म्हणजे जाणार, त्यांना त्या वेळेला अडवणं म्हणजे त्यांना खोटं बोलायला शिकवणं. आजी वारली, काका आजारी आहे, असले फोन येतात आणि दोघांनाही माहीत असतं की खरं काय आहे. आम्ही आता ते दिवस डिसेंबरमध्येच भिंतीवर लिहितो, पार्टीला आधी माल देऊन ठेवतो. तसंच रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक असते, अनंत चतुर्दशीला रात्रभर झांक्या, म्हणजे चित्ररथ बघून लोक सकाळी कुठून वेळेवर येणार, तर दुसऱ्या दिवशी शिफ्ट उशिराच ठेवायची. सोयाबीन कापणीचंही तेच. एकदा हे उघड झालं की बाकीच्या वेळी सुट्टीसाठी खोटं बोलायची सवय सुटते, आणि जो सुट्टीसाठी खोटं बोलत नाही तो मालाबद्दलही खोटं कमी बोलतो, हे मी बघितलंय.

४. पहिला आठवडा

नवीन माणसाला एक जोडीदार द्या, सुपरवायझर नको, बरोबरीचा. पाणी कुठे, डबा कुठे खायचा, बाथरूमची चावी कोणाकडे, हे सगळं तोच सांगेल. पहिल्या शनिवारी मी स्वतः नव्या माणसाबरोबर कोपऱ्यावर पोहे खाते आणि एवढंच विचारते की इथे काय विचित्र वाटलं. नव्या डोळ्यांना जे दिसतं ते महिनाभराने दिसेनासं होतं. एका बाईंनी असंच विचारलं होतं की स्टिचिंगच्या कोपऱ्यात ट्यूबलाइट का नाही. चार वर्षं ती नव्हती, आणि आम्ही चार वर्षं पिन वाकडी बसते म्हणून ओरडत होतो.

५. पहिला सुपरवायझर

इथे जरा जास्त लिहिते, कारण सगळ्यात मोठी चूक इथेच होते, माझीही इथेच झाली.

आपण काय करतो, जो सगळ्यात जुना किंवा ज्याचा हात सगळ्यात वेगात चालतो त्याला सुपरवायझर करतो. बक्षीस म्हणून. त्या बिचाऱ्याला माणसं सांभाळायची कधी सवयच नसते, त्याला एवढंच माहीत असतं की गाडी वेळेवर गेली पाहिजे, आणि मग तो "चलने दे" म्हणतो. त्या खोक्यांच्या वेळेला मी आधी त्याच्यावर खूप चिडले होते, पण रात्री विचार केला तर मागचे सहा महिने मी त्याला रोज एकच प्रश्न विचारला होता, गाडी गेली का? गम कसा आहे, मुलं कशी आहेत, हे एकदाही नाही. त्याने मला जे ऐकायचं होतं तेच दिलं.

तर पहिली गोष्ट, ज्याचा हात चांगला आहे त्याला पगार वाढवून द्या, मुख्य कारागीर म्हणा, नवीन मुलं शिकवायला द्या, पण त्याला पैसे वाढवून मिळायचा एकच रस्ता सुपरवायझर होण्याचा असं ठेवू नका. सुपरवायझर तो करा ज्याच्याकडे लोक आत्ताच, कोणी न सांगता, अडचण घेऊन जातात. कोण आहे ते कळायला जेवणाच्या सुट्टीत पंधरा मिनिटं लांबून बघितलं की पुरतं. आमच्याकडे ती पेस्टिंगवाली एक ताई निघाली, जिचं मी नावही कधी घेतलं नव्हतं या कामासाठी.

दुसरी गोष्ट, तिला सहा महिने द्या आणि शिकवा. बोलायचं कसं ते शिकवावं लागतं. चारचौघांत रागवायचं नाही, बाजूला घेऊन बोलायचं. माणसाबद्दल बोलायचं नाही, कामाबद्दल बोलायचं, म्हणजे "तू कामचोर आहेस" असं न म्हणता "सकाळपासून तीनदा मशीन सोडून गेलास, काय झालं?" असं. आणि कोणी वाईट बातमी आणली तर पहिला शब्द "बरं झालं सांगितलं" हाच, मग बाकीचं. मी आणि ताई सुरुवातीला रोज संध्याकाळी दहा मिनिटं बसायचो, ती सांगायची आज कोणाशी काय बोलणं झालं, आणि मी तिला सांगायचे की मी काय बोलले असते. कधी तिचंच बरोबर असायचं.

तिसरी, आणि ही मालकांना जड जाते. तिला डावलून थेट मुलांना काम सांगू नका. तुम्ही चालता चालता "भिया, ये वाला पहले कर दे" म्हणालात की तिची सकाळची सगळी मांडणी गेली आणि लोकांना कळलं की हिचं काही चालत नाही. पण ऐकायचं दार मात्र सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं. काम वरून खाली एकाच वाटेने जावं, तक्रार खालून वर कुठल्याही वाटेने आली तरी चालेल, असं मी सगळ्यांसमोर, ताईसमोर सांगितलं. तिला आधी थोडं लागलं, मग पटलं.

६. रोजच्या आणि महिन्याच्या सवयी

सोमवारी सकाळी दहा मिनिटं, मशीनजवळ उभं राहून, खुर्च्या नाहीत. दोनच प्रश्न, मागच्या आठवड्यात काय अडलं आणि या आठवड्यात काय अडणार. सुरुवातीचे चार-पाच सोमवार कोणी बोलणार नाही. तेव्हा तुम्ही स्वतःची चूक सांगा, खरी, छोटीशी नाही. मी सांगितलं होतं की एका पार्टीला मी तारीख न विचारता माल कबूल केला आणि त्यामुळे तुम्हाला दोन रात्री थांबावं लागलं, ती चूक माझी होती. पुढच्या सोमवारी दोघं बोलले.

महिन्यातून एकदा प्रत्येकाशी वेगळं वीस मिनिटं बोलणं. चाळीस माणसं झाली की हे एकट्याने होत नाही, मग अर्धे ताईकडे, अर्धे माझ्याकडे, आणि दर तीन महिन्यांनी अदलाबदल.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणाला बोलणी नाहीत. चुकलेल्या मालाचा फोटो टाकायचा, पण नाव टाकायचं नाही. रात्री आठनंतर काम सांगायचं नाही, आग लागली असेल तर फोन करा.

७. पैसा

कल्चरच्या लेखात पैशाचं कोणी लिहीत नाही, मला तर वाटतं अर्धं कल्चर इथेच आहे. पगार ठरलेल्या तारखेला. कायद्याने पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचाच असतो, पण तुम्ही ५ म्हणालात तर ५ ला द्या.

आपल्या इंदूरला हे वेगळं सांगायला नको. हुकूमचंद मिल ही इथली कापडगिरणी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या सुमारे २२४ कोटींचा मार्ग मोकळा झाला डिसेंबर २०२३ मध्ये, जवळपास ४,८०० कामगारांचे पैसे, आणि त्यातले कितीतरी तोपर्यंत राहिलेही नव्हते. ज्या घरातले आजोबा मिलमध्ये होते त्या घरातला मुलगा माझ्याकडे कामाला येतो तेव्हा तो मालकाच्या शब्दावर नाही, तारखेवर विश्वास ठेवतो. त्यात त्याचं काय चुकलं?

म्हणून एक महिन्याच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि तिला हात लावू नका. आम्हाला ती जमवायला दीड वर्ष लागलं. पार्टीकडून पैसे अडकतात हे मला माहीत आहे, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या, एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असं आहे आणि बिलावर ते छापून पाठवलं की थोडा तरी फरक पडतो. तरीही एखाद्या महिन्यात उशीर होणारच असेल तर तारखेच्या तीन दिवस आधी सगळ्यांना एकत्र सांगा, कोणाला किती दिवसांनी मिळेल ते सांगा, आणि स्वतःचा पगार काढू नका. तुम्हीच वाईट बातमी लपवलीत तर ते का सांगतील?

उचलीचं रजिस्टर उघडं ठेवा, म्हणजे नावं नाही, नियम. वर्षातून किती वेळा, जास्तीत जास्त किती, कापणार कसं. नाहीतर जो जवळचा त्याला मिळते आणि बाकीचे मनात ठेवतात. आणि नवीन माणूस जुन्यापेक्षा जास्त पगारावर घ्यायची वेळ आली, येतेच ती, तर आधी जुन्याचा वाढवा. हे लपत नाही, चहाच्या टपरीवर दोन दिवसांत कळतं.

८. कायद्याचे आकडे

हे फक्त कागदपत्रं म्हणून बघू नका. १० माणसं झाली की ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, येतं आणि ग्रॅच्युइटीही लागू होते, २० झाली की पीएफ आणि बोनस. दहावा माणूस घ्यायच्या आधी सीएबरोबर बसा, नंतर नको. पहिल्यांदा ईएसआयसीचं कार्ड हातात आलं तेव्हा आमच्या एका हेल्परने ते घरी नेऊन बायकोला दाखवलं होतं, त्याला वाटलं तो आता खरा नोकरीत आहे.

आणि १० वरच लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती बनवावी लागते. अध्यक्ष कामाच्या जागेतली सीनियर बाई, निम्म्या तरी सदस्य बायका, आणि एक व्यक्ती बाहेरची. तक्रार साधारण ३ महिन्यांच्या आत करायची असते, चौकशी ९० दिवसांत संपवायची. छोट्या कारखान्यात लोक म्हणतात आपल्याकडे सगळे घरचेच आहेत, याची काय गरज. घरचेच आहेत म्हणूनच बाई बोलू शकत नाही. बाहेरची व्यक्ती नीट निवडा, आमच्याकडे एक वकीलताई आहेत, त्या वर्षातून दोनदा येऊन बायकांशी वेगळं बोलतात, तेव्हा मीही खोलीत नसते.

९. काम चांगलं पण माणूस त्रासदायक

आमच्याकडे एक सेल्सवाला होता, ऑर्डर भरपूर आणायचा आणि डिस्पॅचच्या मुलांना शिव्या द्यायचा. मी आठ महिने चालवून घेतलं. त्या आठ महिन्यांत डिस्पॅचची तीन मुलं गेली आणि जाताना एकानेही खरं कारण सांगितलं नाही. दोनदा स्पष्ट सांगा, लिहून द्या, महिनाभर बघा, आणि मग हिशोब करून मोकळं करा. हिशोब मात्र पूर्ण आणि लगेच, अडवून ठेवायचा नाही, कारण बाकीचे सगळे बघत असतात की जाणाऱ्याशी तुम्ही कसे वागता.

जे स्वतःहून जातात त्यांना शेवटच्या दिवशी विचारू नका, तेव्हा सगळे "सब बढ़िया था" म्हणतात. महिन्याभराने फोन करा.

१०. मोजत राहा

माझ्या टेबलावर एक साधी वही आहे, तिच्यात तीन रकाने. काय बिघडलं, पहिल्यांदा कोणाला कधी दिसलं, मला कधी कळलं. नाव विचारते ते शाबासकी द्यायला. सुरुवातीला दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात दोन-दोन दिवसांचं अंतर असायचं. दर महिन्याला ताई आणि मी ती वही बघतो, आणि जिथे अंतर परत वाढायला लागलंय त्या कोपऱ्यात जाऊन बसतो, बहुतेक वेळा तिथे कोणीतरी नवीन आलेलं असतं किंवा कोणीतरी दुखावलेलं असतं.

या पावसाळ्यात एक दिवस सकाळी पावणेसातला फोन वाजला. मशीनवर नवीन लागलेला मुलगा, दोनच महिने झाले होते. घाबरलेला आवाज, "दीदी, गम पतला लग रहा है, मैंने मशीन बंद कर दी।" मी म्हटलं बरं झालं सांगितलं, येतेच. जाऊन बघितलं तर गम ठीक होता. त्या दिवशीची गाडी पाऊण तास उशिरा गेली. मी वहीत लिहिलं, दिसलं ६.४०, कळलं ६.४५, आणि सोमवारी सगळ्यांसमोर त्याचं नाव घेतलं.